तीनशे नगांचा लॉट आणि तीन महिन्यांची वही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी चार वर्षांपासून मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसाला पाच-सहा कामं येतात, त्यातली निम्मी डिस्प्लेची. सुटे भाग जिल्ह्याच्या व्यापाऱ्याकडून एकेक करून मागवतो: कॉम्बो (डिस्प्ले आणि टचची काच एकत्र) सरासरी ७५० रुपये, बॅटरी ३००, चार्जिंग बोर्ड १२०. माल यायला दोन दिवस लागतात आणि तेवढ्यात गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. मुंबईत नोकरी करणाऱ्या मेहुण्याने एक होलसेलवाला गाठून दिला आहे. त्याच्याकडे ३०० नगांचा मिक्स लॉट आहे: १२० कॉम्बो, ८० बॅटऱ्या, ६० चार्जिंग बोर्ड आणि ४० मदरबोर्ड. भाव ६०,००० रुपये. अटी अशा की लॉट पूर्ण उचलायचा, तपासायचा नाही, परत करायचा नाही, पैसे आधी द्यायचे आणि पावती कच्ची मिळेल. मॉडेलची यादी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि एक व्हिडिओ आहे. मेहुणा २०,००० घालायला तयार आहे. उरलेले ४०,००० पतसंस्थेतून महिना एक टक्क्याने काढावे लागतील. नगाला २०० रुपये पडतात, म्हणजे सोन्यासारखी संधी आहे असं वाटतं, पण झोप लागत नाही. घेऊ का? आणि नाही घेतला तर स्वस्त माल मिळणार तरी कसा?

उत्तर:

या अटींवर हा लॉट घेऊ नका. पतसंस्थेच्या अर्जावर सही झाली नसेल तर ती आधी थांबवा, आणि मग पुढचं वाचा.

तुमची अडचण खरी आहे. फक्त ती एक नाही, दोन आहेत, आणि पत्रात त्यांचा गुंता झाला आहे. एक, माल महाग पडतो. दोन, गिऱ्हाईक समोर उभं असताना हवा तो भाग हाताशी नसतो. लॉट घेतला की दोन्ही सुटतील असं तुम्ही धरून चालला आहात. पण १२० कॉम्बो दुकानात आले म्हणून उद्या येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनचा कॉम्बो त्यात असेलच असं नाही. ते मॉडेल कोणी निवडले? विकणाऱ्याने. आणि त्याने ते तुमच्या गावात कोणते फोन वापरतात हे पाहून निवडलेले नाहीत, त्याच्याकडे काय खपलं नाही हे पाहून निवडलेले आहेत.

मिक्स लॉट तयार होतो कसा, ते समजून घ्या. होलसेलवाल्याकडे जुन्या मॉडेलचा माल पडून राहतो. रेडमी नोट ४ भारतात जानेवारी २०१७ मध्ये आला आणि तुफान खपला. त्याचे कॉम्बो तेव्हा शेकड्याने आले, आज ते मागायला कोण येतं? दुसरा प्रवाह परत आलेल्या मालाचा. दुकानदारांनी टच अडकतो, रेष येते म्हणून परत केलेले नग फेकले जात नाहीत, ते साठत जातात. तिसरा प्रवाह भंगारातल्या फोनमधून काढलेल्या भागांचा. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी फोन आणि संगणक सुटे करण्याचं मोठं काम चालतं. त्यातून निघालेले भाग बाजारात फिरतात. यात चांगला मूळ मालही असतो, पण चांगला नग तपासून वेगळा काढला जातो आणि वेगळ्या भावाने विकला जातो. मिक्समध्ये येतो तो त्यानंतर उरलेला. होलसेलवाला लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. त्याला जागा मोकळी करायची आहे, आणि ‘तपासायचं नाही, परत नाही’ या अटीत त्याने ते उघड सांगितलंच आहे. तुम्ही ती अट वाचली, पण भाव बघताना ती बाजूला ठेवली.

आता नगाला २०० रुपये, या हिशेबाकडे येऊ. तुमच्याच भावाने लॉटची किंमत काढू: १२० कॉम्बोंचे ९०,०००, ८० बॅटऱ्यांचे २४,०००, ६० चार्जिंग बोर्डांचे ७,२००. एकूण १,२१,२००. मदरबोर्ड तूर्त शून्य धरा, कारण पुढे सांगतो. म्हणजे लॉट साधारण निम्म्या भावात मिळतोय, आणि त्याचाच दुसरा अर्थ असा की निम्मा माल तुमच्याकडे येणाऱ्या मॉडेलचा आणि चालू निघाला तर तुमची फक्त बरोबरी होते. समजा निम्मे नग तुमच्या कामाच्या मॉडेलचे निघाले (हे मी सढळ हाताने धरतोय) आणि त्यातल्या चारांत तीन चालू. मग १,२१,२०० मधले ४५,४५० रुपये हाती लागतात. ६०,००० घालून साडेचौदा हजारांचा खड्डा. त्यावर महिन्याला ४०० रुपये व्याज, आणि ३०० नग तपासण्यात गेलेले तुमचे दिवस. शिवाय हे ४५,४५० सुद्धा गल्ल्यात एकदम येत नाहीत. त्या-त्या मॉडेलचं गिऱ्हाईक येईल तेव्हा येतात.

पत्रात तुम्ही लिहिलंय की व्हिडिओत सगळे डिस्प्ले ‘चकाचक दिसतात’. दिसणारच. डिस्प्लेचा दोष फोटोत दिसत नाही, तो फोनला लावल्यावर दिसतो. आणि ‘ओरिजिनल’ हा शब्द बाजारात इतका सैल झाला आहे की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. विचारायचं ते असं: पॅनल कोणतं आहे, एलसीडी की ओएलईडी? फ्रेमसह की बिनफ्रेमचं? कंपनीच्या सर्व्हिसचा सीलबंद माल, फोनमधून काढलेला मूळ माल, काच बदललेला मूळ माल, की कॉपी? या चार गोष्टींचे भाव आणि आयुष्य पूर्ण वेगळे आहेत. लॉटमध्ये चारही एकाच भावाने मोजले जातात, आणि कोणते किती आहेत हे कोणीच सांगत नाही.

एक उदाहरण बघा. सॅमसंग गॅलॅक्सी ए५० ला मूळ एमोलेड (ओएलईडीचाच एक प्रकार) पॅनल आहे आणि बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर त्या पॅनलच्या खाली आहे. पॅनलचा उजेड बोटावर पडतो आणि परतलेला उजेड पॅनलमधून आरपार खाली सेन्सरपर्यंत पोचतो. बाजारातला स्वस्त टीएफटी (म्हणजे एलसीडी) कॉम्बो बसवला की मागे बॅकलाइटचा थर येतो, उजेड आरपार जात नाही आणि ठसा चालत नाही. तो कॉम्बो खराब नसतो, त्याला ते जमणारच नसतं. गिऱ्हाईक मात्र म्हणणार, ‘डिस्प्ले बदलला आणि फिंगरप्रिंट घालवलं.’ डिस्प्लेखाली ठसा घेणाऱ्या कोणत्याही फोनचा कॉम्बो घेताना पहिला प्रश्न हाच, आणि टीएफटीच बसवायचा असेल तर ही गोष्ट पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. दोन भाव सांगा: ठसा चालणारा एवढ्याला, न चालणारा तेवढ्याला. लोक समजून घेतात. नंतर कळलेलं मात्र समजून घेत नाहीत, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या दुकानालाही लागू आहे.

मूळ ओएलईडी पॅनल, म्हणजे फोनमधून काढलेलं, स्वस्तात मिळालं तर घ्यावं, पण त्यात जळालेल्या सावल्या असू शकतात. ब्राइटनेस कमी करून पूर्ण करडा पडदा लावा. कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीची पुसट छाया उमटलेली दिसली तर तो नग वापरून झिजलेला आहे.

कॉम्बो तपासायची रीत तुम्हाला ठाऊक असेल, तरी हा मजकूर नवशिकेही वाचतील म्हणून लिहितो. फोन बंद करायचा, बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा, मग डिस्प्लेचा कनेक्टर लावायचा, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी जोडायची. घाईत बॅटरी जोडलेली असतानाच डिस्प्ले लावला की बॅकलाइटचा फ्यूज किंवा आयसी उडू शकते. मग तीनशेच्या नफ्याच्या कामात बोर्ड दुरुस्त करत बसावं लागतं. वरची फिल्म आणि मागचे कागद काढू नका, कारण बहुतेक ठिकाणी स्टिकर काढलं की नग परत होत नाही. सॅमसंगवर *#०*# आणि रेडमीवर *#*#६४८४#*#* दाबलं की कंपनीचीच चाचणी उघडते. पांढरा, लाल, हिरवा, निळा, काळा असे पूर्ण पडदे बघा. टच मधोमध चालतो म्हणून खूष होऊ नका. एखादं अ‍ॅपचं चिन्ह बोटाखाली धरून चारही कडांवरून, कोपऱ्यांतून फिरवा. ते मध्येच सुटलं तर तिथे टच मेलेला आहे. मग दहा मिनिटं पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून द्या. बरेच कच्चे नग गरम झाल्यावर रेषा दाखवतात. शेवटी न चिकटवता फ्रेममध्ये बसवून बघा: काच कडेने वर राहते का, सेन्सरचं भोक जुळतं का. फोन केल्यावर कानाशी पडदा बंद होत नाही ही तक्रार पुष्कळदा याच भोकामुळे येते.

एका नगाला या सगळ्यात पंधरा मिनिटं धरा. १२० कॉम्बोंना तीस तास. लॉट घेणाऱ्यांच्या हिशेबात हे तीस तास कुठेच नसतात.

आयफोनचा माल लॉटमध्ये असेल तर आणखी सावध राहा. आयफोन ११ पासून पुढच्या मॉडेलमध्ये बाहेरचा डिस्प्ले लावला की सेटिंगमध्ये ‘अनोळखी भाग’ असा संदेश येतो. बॅटरीसाठी हे एक्सएस आणि एक्सआरपासून, कॅमेऱ्यासाठी १२ पासून आहे. जुन्या पडद्यातला डेटा नव्यावर उतरवणारं प्रोग्रॅमर यंत्र नसेल तर ट्रू टोनही (आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग जुळवणारी सोय) जाऊ शकतं. कॉपी पडद्याला आणखी एक धोका आहे. एप्रिल २०१८ मध्ये आयओएस ११.३ घेतल्यावर बाहेरचे डिस्प्ले बसवलेल्या आयफोन ८ चे टच बंद पडले होते, ११.३.१ आल्यावर ते सुरू झाले. तुमच्या दुकानात महिन्याला दोन-तीनच आयफोन येत असतील तर त्यांचा साठा करूच नका, मागवून लावा.

बॅटऱ्यांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथे पैशांपलीकडचा धोका आहे. लिथियम बॅटरी पडून पडून म्हातारी होते. ती किती पडून होती, कशी पडून होती, हे मिक्स लॉटमध्ये कळत नाही. पहिली चाचणी मल्टिमीटरची: नव्या बॅटरीवर ३.७ ते ३.९ व्होल्ट दिसायला हवेत. तीनच्या खाली असेल तर बाजूला काढा, ती चार्ज करून ‘जिवंत’ करायच्या फंदात पडू नका. शून्य दिसलं तर आतलं संरक्षण सर्किट बंद झालेलं असू शकतं. ते चार्जर लावल्यावर उघडतं, पण इतकी उतरलेली बॅटरी गिऱ्हाइकाला विकायची नसते. टेबलाच्या सपाट काचेवर बॅटरी ठेवून बोटाने दाबा. डुलत असेल तर फुगायला लागली आहे.

कोड वाचायची सवय लावा. शाओमीच्या बॅटऱ्यांवर बीएन किंवा बीएमने सुरू होणारा कोड असतो: रेडमी नोट ७ ला बीएन४ए, नोट ८ ला बीएन४६, रेडमी ९ए ला बीएन५६. ओप्पो-रियलमीला बीएलपी, जसं रियलमी सी२ ला बीएलपी७२१. व्यापाऱ्याला मॉडेलचं नाव नको, कोड सांगा. अर्धे घोटाळे तिथेच मिटतात.

छापलेल्या क्षमतेवर जाऊ नका. वॉट-तास दाखवणारा यूएसबी मीटर घ्या, तोच तुमचा पंच. बीएन४ए वर ४००० एमएएच आणि ३.८५ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे १५.४ वॉट-तास. चार्जिंगमध्ये काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून पूर्ण उतरलेली बॅटरी फोनमध्ये लावून, फोन बंद ठेवून शंभर टक्के चार्ज केली की मीटरवर साधारण १७ ते १८ वॉट-तास दिसायला हवेत. अकरा-बारावर थांबली तर आत छापल्यापेक्षा फार कमी माल भरला आहे. प्रत्येक नगाची ही चाचणी शक्य नाही, पण नव्या पुरवठादाराच्या पहिल्या दहांतल्या दोन नगांची करा. सोनाराचा छोटा वजनकाटा असेल तर मूळ बॅटरीच्या वजनाशीही ताडून बघा.

भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे, आणि लेबलवर आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसलेली बॅटरी दुकानात ठेवू नका. आणि पत्र्याच्या छताखाली, मे महिन्यात बेचाळीस अंशांत, ८० बॅटऱ्यांचा साठा ठेवण्याचा विचार तर अजिबात करू नका. बॅटरी अर्ध्या चार्जवर, थंड जागी, एकमेकींचे टोक लागणार नाहीत अशी ठेवतात, आणि दोन महिन्यांत खपेल एवढीच घेतात.

चार्जिंग बोर्डांत दोष लपलेला असतो. फोन चार्ज होतो, म्हणून आपण काम झालं असं समजतो. स्वस्त कॉपी बोर्डावर फास्ट चार्जिंगचे भाग कमी केलेले असतात, त्यामुळे मूळ चार्जर लावूनही फोन हळूच चार्ज होतो. तोच यूएसबी मीटर लावा: १८ वॉटच्या फोनला ९ व्होल्ट दिसायला हवेत, ५ वरच अडकून एक-दीड अँपिअर घेत असेल तर बोर्ड अपुरा आहे. याच छोट्या बोर्डावर माइक असतो आणि पुष्कळ फोनमध्ये अँटेनाची वायरही इथेच येते. म्हणून बोर्ड बदलल्यावर एक फोन लावून बोला, आणि नेटवर्कच्या कांड्या आधीशी ताडून बघा.

आता ते ४० मदरबोर्ड. त्यांना शून्य किंमत धरायचं कारण हे की ते तुमच्या दुकानात येऊच नयेत. बोर्डासोबत आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येतो. तो फोन चोरीचा असेल तर बोर्ड सापडणार तुमच्याकडे, आणि तुमच्या हातात कच्ची पावती. चोरीचा माल माहीत असताना घेणं किंवा ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. माहीत नव्हतं हे पटवून द्यायला पक्कं बिल लागतं. आयएमईआय बदलून देतो म्हणणारेही भेटतील. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. एखाद्या गिऱ्हाइकासाठी बोर्ड घ्यावाच लागला तर एकच, बिलावर, आयएमईआय लिहून घ्या आणि आधी १४४२२ वर केवायएम, मग एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक असा एसएमएस पाठवून तपासा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हे तपासता येतं.

कच्च्या पावतीचा दुसरा तोटा नाममुद्रेचा. कंपनीचं बोधचिन्ह छापलेली पण कंपनीची नसलेली बॅटरी विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा १९९९ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षांची शिक्षा. लॉटमध्ये असे किती नग आहेत हे विकणारा सांगणार नाही. छापा पडला तर काचेच्या कपाटात ते तुमच्याकडे असतील. ‘सुसंगत’ म्हणून स्वतःच्या ब्रँडखाली विकली जाणारी, बीआयएस क्रमांक असलेली बॅटरी घ्या आणि गिऱ्हाइकालाही तसंच सांगून विका. जीएसटी नोंदणी असेल तर पक्क्या बिलावर भरलेला कर वळता मिळतो, तेवढा भाव आपोआप कमी होतो.

मग स्वस्त माल कसा मिळवायचा? इथे तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या होलसेलवाल्याकडे नाही: तुमची कामाची वही. गेल्या नव्वद दिवसांची पानं काढा. एका कोऱ्या कागदावर मॉडेल लिहा, पुढे काम (डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग), आणि प्रत्येक वेळेला एक रेघ. परत गेलेल्या गिऱ्हाइकांचीही रेघ मारा. ती वहीत नसतील तर आजपासून लिहायला लागा, कारण तोच खरा तोटा आहे. दिवसाला पाच-सहा कामं म्हणजे नव्वद दिवसांत पाचशेच्या आसपास. त्यात पंधरा-वीस मॉडेल पुन्हा पुन्हा येताना दिसतील, आणि बाकीची लांबलचक शेपटी एकेका रेघेची असेल. साठा करायचा तो त्या पंधरा-वीसांचा. शेपटी जिल्ह्याहून मागवत राहा, दोन दिवस लागले तरी.

यादी करताना एकमेकांत चालणारे कॉम्बो एकत्र करा, म्हणजे कमी पैशांत जास्त फोन सांभाळले जातात. रेडमी नोट ७ आणि नोट ७ प्रोला एकच कॉम्बो चालतो. ओप्पो ए३एस आणि रियलमी सी१ एका पाकिटात येतात, रियलमी सी२ आणि ओप्पो ए१के एका, विवो वाय९१, वाय९३, वाय९५ एका. उलटही लक्षात ठेवा: रेडमी नोट ४ च्या मीडियाटेक आणि स्नॅपड्रॅगन अशा दोन आवृत्त्यांचे कॉम्बो वेगळे होते. नाव सारखं म्हणून भाग सारखा नसतो. म्हणून सेटिंगमधला मॉडेल नंबर यादीत लिहा.

महिन्याला तीन किंवा जास्त रेघा पडणाऱ्या कॉम्बोचे दोन नग ठेवा, एक-दोन रेघांचा एक, त्याखाली शून्य. नग लागला की त्याच संध्याकाळी पुढच्या मागणीत टाका. मेहुण्याचे २०,००० खरोखर मिळणार असतील तर तेवढ्यातच बसवा: १४ कॉम्बो १०,५००, १२ बॅटऱ्या ३,६००, १० चार्जिंग बोर्ड १,२००, आणि अडीच हजारांत रिंगर, माइक, कनेक्टर, चिकटवायचा गम. हे १७,८०० तुमच्या आजच्याच भावाने धरले आहेत. उरलेल्या पैशांत मीटर आणि वजनकाटा. पतसंस्थेची पायरी चढावी लागत नाही.

भाव कमी करायचा रस्ता मुंबईतून जातो हे मेहुण्याचं म्हणणं बरोबर आहे, फक्त माल तुमच्या यादीने घ्या. जालना किंवा संभाजीनगरहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरली की सकाळी सीएसएमटी. क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हत्यारं, मीटर, सोल्डरिंगचं सामान हवं असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. जाताना बोर्ड चालू पण डिस्प्ले फुटलेले चार-पाच फोन तपासणीसाठी सोबत न्या, तुमच्या यादीतल्या वरच्या मॉडेलचे. काउंटरवरच लावून बघा. तपासू न देणाऱ्याकडून पहिल्या भेटीत काही घेऊ नका. तीन दुकानांत त्याच पाच नगांचा भाव विचारा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न करा: स्टिकर न काढता नग किती दिवसांत परत घेणार? सात दिवस म्हणणाऱ्याला नगामागे वीस-तीस रुपये जास्त गेले तरी तो स्वस्त. घरी आल्यावर प्रत्येक नगाच्या पाकिटावर तारीख आणि पुरवठादाराची खूण लिहा, नाहीतर कुणाचा माल परत येतोय हे कधीच कळणार नाही. पुढची मागणी मग फोनवरून देता येते. बॅटऱ्या मात्र रस्त्याच्या पार्सलनेच मागवा. सुट्या लिथियम बॅटऱ्यांच्या हवाई वाहतुकीवर कडक निर्बंध आहेत, आणि ‘अ‍ॅक्सेसरीज’ असं खोटं लिहून पाठवणाऱ्यांच्या भानगडीत पडू नये.

तालुक्यात आणखी दोन-तीन दुकानं असतील. शेजारच्या दुकानदाराकडे तुम्ही गिऱ्हाईक पळवणारा म्हणून बघता, पण त्यालाही हीच अडचण आहे. रियलमी सी२ चे दहा कॉम्बो एकट्याने घेणं वेडेपणा आहे. तिघांत वाटले तर भाव दहाचा आणि साठा तीन-तीनचा. पैसे मात्र आधी जमा करून घ्या. उधारीवर ही भागीदारी टिकत नाही.

मिक्स माल नेहमीच वाईट असंही नाही. चार्जिंगचे सुटे कनेक्टर (पाच पिनचे मायक्रो, सोळा पिनचे टाइप-सी), स्क्रूंचे डबे, माइक, रिंगर, सिम ट्रे हे मिक्समध्ये बेलाशक घ्या. नग दोन-पाच रुपयांचा, न चाललेला फेकला तरी दुखत नाही, आणि एक कनेक्टर वीस मॉडेलला लागतो. तुमच्याकडचे फुटलेले मूळ डिस्प्लेही भंगारात देऊ नका. काच फुटलेली पण चित्र आणि टच चालू असलेला मूळ पॅनल काच बदलणारे विकत घेतात. मुंबईच्या फेरीत सोबत न्या, भाड्याचे पैसे निघतील.

राहिला मेहुणा. तुम्ही लिहिलंय की नाही म्हटलं तर त्याचा मान जाईल. त्याने तुमच्यासाठी धडपड केली हे मोलाचं आहे, ते त्याला तोंडावर सांगा. मग त्याच्यावर एक काम सोपवा, कारण तो मुंबईत आहे आणि तुम्ही नाही. त्याला तुमची यादी पाठवा आणि त्या होलसेलवाल्याला विचारायला सांगा: लॉटमधले या यादीतले तीस नग, मदरबोर्ड वगळून, तपासून, पक्क्या बिलावर, कोणत्या भावाने? कॉम्बोचा भाव २०० चा ३५० झाला तरी तो बराच चांगला सौदा आहे. तो हो म्हणाला तर तीस नग आणा, वर सांगितल्याप्रमाणे एकेक लावून बघा आणि वहीत लिहा. नाही म्हणाला, किंवा तिसांतले पंचविसापेक्षा कमी चालले, तर मेहुण्याला ती वही दाखवा. वेगळं काही बोलावं लागणार नाही.